मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विकार आणि मंदावणारी बुद्धी

मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’ अशी म्हण आहे. उर्दू आणि हिंदीत साठ याच आकड्यावरून ‘सठियाना’ हे क्रियापद तयार झाले आहे. दोन्ही ठिकाणी अनुभव एकच नोंदवला गेला. वय वाढले की माणूस अडखळतो, हट्टी होतो, कशातच रस घेत नाही. भाषेने अनुभव अचूक टिपला, परंतु त्याचे सारे खापर वयावर फोडले. वयाबरोबर विचारांची गती थोडी कमी होते हे खरे. तथापि साठीनंतर ज्यांचे रोजचे व्यवहारच कोलमडू लागतात, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या मेंदूत ओळखता येणारा आणि काही अंशी रोखता येणारा विकार असतो. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विकार हा त्यांपैकी एक प्रमुख विकार होय. वैद्यकात त्याला ‘स्मॉल व्हेसल डिसीज’ म्हणतात. रक्ताची गुठळी अडकून होणाऱ्या पक्षाघातांपैकी सुमारे एक चतुर्थांश या विकारामुळे होतात, आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी मोठ्या वर्गात तो एकटा किंवा अल्झायमरच्या जोडीने आढळतो.

प्रस्तुत लेखक भाषेचा अध्यापक आहे, वैद्य नाही. येथे उपचार सुचवण्याचा हेतू नाही. हा विकार मेंदूच्या रचनेत कोणते बदल घडवतो, त्यामुळे बुद्धीची कोणती कामे बिघडतात आणि आपल्या हातात काय उरते, या तीन प्रश्नांचा विचार उपलब्ध संशोधनाच्या आधारे करावयाचा आहे.

शेवटच्या शेताचे पाणी

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते, पण शरीर विश्रांती घेत असताना लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो. हा प्राणवायू साठवून ठेवण्याची सोय मेंदूत नाही. त्यामुळे रक्तपुरवठा अखंड चालू राहावा लागतो.

मोठ्या धमन्या मेंदूच्या तळाशी येतात, तेथून त्यांच्या शाखा पृष्ठभागावर पसरतात आणि त्यांतून केसासारख्या बारीक वाहिन्या आत खोलवर शिरतात. यांपैकी बहुतेकांचा व्यास अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असतो. पाटबंधाऱ्याच्या भागात राहणाऱ्यांना ही रचना लगेच समजेल. मुख्य कालवा, त्यातून निघालेल्या चाऱ्या आणि चारीच्या अगदी टोकाला असलेले शेत. कालव्यात पाणी कमी झाले किंवा चारी गाळाने भरली, तर पहिला फटका टोकाच्या शेताला बसतो. मेंदूच्या खोल भागातील पेशींची स्थिती तशीच आहे. तेथे पोहोचणारी वाहिनी बंद पडली तर शेजारच्या वाहिनीतून रक्त वळवून घेण्याची सोय जवळजवळ नसते.

या खोल भागात मुख्यतः श्वेत द्रव्य असते. मेंदूच्या पृष्ठभागावरील करड्या द्रव्यात विचार, भाषा, स्मृती यांचे काम करणाऱ्या पेशी असतात, तर श्वेत द्रव्यात त्या पेशींना एकमेकींशी जोडणारे लांब तंतू असतात. तंतूंवर मायलिन नावाचे मेदयुक्त आवरण असते. त्यामुळे संदेश वेगाने जातात आणि त्यामुळेच हा भाग पांढरट दिसतो. थोडक्यात, करडे द्रव्य म्हणजे कचेऱ्या आणि श्वेत द्रव्य म्हणजे त्यांना जोडणाऱ्या तारा. सूक्ष्म वाहिन्यांचा विकार प्रामुख्याने तारांवर घाला घालतो.

वाहिन्यांत काय बिघडते?

सर्वांत जास्त आढळणारा प्रकार वय, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि धूम्रपान यांच्याशी निगडित आहे. वर्षानुवर्षे वाढलेल्या दाबाचा मारा सोसून बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तेथील वाहिन्यांनी रुंद होऊन जास्त रक्त पुरवायचे असते. ताठरलेल्या वाहिनीला ते जमत नाही. त्याशिवाय वाहिनीचे आतले अस्तर सैल होऊन रक्तातील नको असलेले घटक मेंदूच्या ऊतीत झिरपतात, आणि मेंदूतील टाकाऊ द्रव वाहून नेण्याचे कामही मंदावते.

दुसऱ्या प्रकारात पृष्ठभागाजवळच्या वाहिन्यांच्या भिंतींत अमायलॉइड नावाचे प्रथिन साचते आणि त्या ठिसूळ होतात. हा प्रकार मुख्यतः उतारवयात दिसतो.

तिसरा प्रकार क्वचित आढळणारा आणि आनुवंशिक आहे. त्याला ‘काडासिल’ म्हणतात. त्यास कारणीभूत असलेला ‘नॉच-३’ हा जनुक १९९६ साली फ्रान्समधील संशोधकांनी शोधून काढला. रुग्णसंख्या थोडी असली तरी या प्रकाराने मोठा प्रश्न सोडवला. वृद्धांच्या मेंदूत अल्झायमरचे बदलही असू शकतात, म्हणून दोष नेमका कोणाचा हे ठरवणे कठीण जाते. काडासिलचे रुग्ण मात्र तुलनेने तरुण असतात. त्यांच्यात अल्झायमर नसतानाही बुद्धी खालावते. म्हणजे केवळ सूक्ष्म वाहिन्या बिघडल्यानेही स्मृतिभ्रंशापर्यंत मजल जाऊ शकते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

शवविच्छेदनापासून एमआरआयपर्यंत

हा विकार नवा नाही, तो पाहण्याची साधने नवी आहेत. ऑटो बिन्सवांगर यांनी १८९४ मध्ये श्वेत द्रव्याच्या ऱ्हासाचे वर्णन केले. पियर मारी यांनी १९०१ मध्ये खोल भागातील लहान पोकळ्यांचा सविस्तर अभ्यास मांडला. या पोकळ्यांना ‘लॅक्यून’ हे फ्रेंच नाव आहे आणि त्याचा अर्थ खळगा किंवा रिकामी जागा असा होतो. त्या काळी हे सारे मृत्यूनंतरच पाहता येई. सीटी स्कॅन आणि पुढे एमआरआय आल्यावर जिवंत माणसाच्या मेंदूतील बदल वर्षानुवर्षे मोजणे शक्य झाले. श्वेत द्रव्यातील या बदलांना १९८७ मध्ये व्लादिमिर हाचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ल्युकोअरायोसिस’ हे नाव दिले. श्वेत द्रव्य विरळ होणे, असा त्याचा अर्थ.

प्रत्येक देशातील तज्ज्ञ वेगवेगळी नावे वापरत असल्याने अभ्यासांची तुलना होत नसे. ही अडचण दूर करण्यासाठी २०१३ मध्ये ‘स्ट्राइव्ह’ नावाने आंतरराष्ट्रीय संज्ञा निश्चित करण्यात आल्या आणि २०२३ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती निघाली. एमआरआयच्या अहवालात दिसणाऱ्या मुख्य खुणा पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिली खूण म्हणजे श्वेत द्रव्यातील डाग. एमआरआयच्या विशिष्ट प्रकारच्या चित्रांत ते पांढरेशुभ्र चमकतात. दुसरी खूण लॅक्यून. ही साधारण ३ ते १५ मिलिमीटर व्यासाची, द्रवाने भरलेली पोकळी असते आणि बहुधा जुन्या लहान पक्षाघाताची निशाणी असते. तिसरी खूण सूक्ष्म रक्तस्राव. हे बारीक काळे ठिपके बहुतेक वेळा २ ते ५ मिलिमीटरचे असतात. ते खोल भागात असतील तर रक्तदाबाचा आणि पृष्ठभागाजवळ असतील तर अमायलॉइडचा संशय घेतला जातो. चौथी खूण वाहिन्यांभोवतालच्या जागा रुंदावणे, आणि पाचवी मेंदूचे एकूण आकारमान घटणे.

इजा एका जागी, परिणाम दूरवर

येथे एक कोडे उभे राहते. दोन व्यक्तींच्या एमआरआयमध्ये जवळजवळ सारखेच डाग असतात, पण एक व्यवस्थित हिशेब ठेवते आणि दुसरीला घरखर्चही जुळवता येत नाही. असे का व्हावे?

याचे एक उत्तर जागेत आहे. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे ६० ते ९० वर्षे वयाच्या १०१५ व्यक्तींचा अभ्यास झाला आणि तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना पक्षाघाताचा कोणताही त्रास जाणवला नव्हता, पण एमआरआयमध्ये त्याच्या मूक खुणा होत्या, त्यांना स्मृतिभ्रंश होण्याचा धोका दुपटीहून अधिक होता. मूक इजा थॅलॅमस या मेंदूच्या मध्यवर्ती भागात असेल तर प्रामुख्याने स्मरण घटले, इतरत्र असेल तर विचारांची गती घटली.

दुसरे उत्तर जोडण्यांत आहे. म्युनिकच्या संशोधकांनी २०१२ मध्ये काडासिलच्या रुग्णांविषयी लक्षणीय निरीक्षण प्रसिद्ध केले. खोल भागात नवी लहान इजा झाल्यावर त्या तंतूंनी जोडलेला पृष्ठभागाचा दूरचा भाग काही काळाने पातळ झाला. त्या भागाला थेट काहीच झाले नव्हते, फक्त त्याची तार तुटली होती. पूल वाहून गेला की पलीकडच्या गावाचा बाजार हळूहळू ओस पडतो, तसाच हा प्रकार आहे.

नेदरलँड्समधीलच नायमेखन विद्यापीठात २००६ मध्ये ‘रन डीएमसी’ हा अभ्यास सुरू झाला. त्यात सूक्ष्म वाहिन्यांचा विकार असलेल्या, पण स्मृतिभ्रंश नसलेल्या ५० ते ८५ वर्षे वयाच्या ५०३ व्यक्ती होत्या. त्यांच्या तपासण्या पुढे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा करण्यात आल्या. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक, मेंदूतील जोडण्यांचे जाळे किती कार्यक्षम आहे यावरून पुढे स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता सांगता येते. नुसते डाग मोजणे त्यासाठी पुरेसे नसते. दोन, विकाराची वाटचाल सरळ रेषेत होत नाही. वय वाढेल तसा डागांचा वेग वाढतो, तरीही थोड्या व्यक्तींमध्ये काही काळ डाग कमी झालेलेही आढळले. ही दुसरी गोष्ट आशादायक आहे.

विसरणे नव्हे, मंदावणे

स्मृतिभ्रंश म्हटला की ‘नातवाचे नाव आठवत नाही’ असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. ते चित्र मुख्यतः अल्झायमरचे आहे. सूक्ष्म वाहिन्यांच्या विकारात सुरुवात बहुधा निराळी होते. मेंदूचा पुढचा भाग आणि खोल केंद्रे यांना जोडणाऱ्या तारा बिघडल्याने विचारांची गती, लक्ष, नियोजन आणि एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळण्याची क्षमता आधी खालावते. नाव आठवते, पण उशिरा. थोडी खूण सांगितली की लगेच आठवते. ओळखीचा स्वयंपाक जमतो, पण चार पाहुण्यांसाठी तीन पदार्थ एका वेळी करताना गोंधळ उडतो. बँकेचा अर्ज अर्धवट राहतो. बोलत असताना कोणी मध्ये विचारले तर मूळ मुद्दा सुटतो.

याच्या जोडीला पावले लहान आणि अडखळती होतात, लघवीची घाई होते, आणि मनाला उदासीनता येते. ही उदासीनता घरच्यांना फार खुपते. पूर्वी उत्साहाने वावरणारा माणूस दिवसभर खुर्चीत बसून राहतो. कोणी त्याला आळशी म्हणते, कोणी रुसला म्हणते. इच्छाशक्तीला चालना देणाऱ्या तारांनाच इजा झालेली असू शकते, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

चाचण्यांचाही येथे विचार करावा लागतो. १९७५ पासून प्रचलित असलेली ३० गुणांची ‘मिनी मेंटल’ चाचणी तारीख, ठिकाण, शब्द लक्षात ठेवणे अशा गोष्टींवर भर देते. सूक्ष्म वाहिन्यांचा रुग्ण तिच्यात चांगले गुण मिळवू शकतो आणि ‘सर्व ठीक आहे’ असा समज होतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मोका’ चाचणीत आकडे आणि अक्षरे आळीपाळीने जोडणे, घड्याळाचे चित्र काढणे, एका मिनिटात विशिष्ट अक्षराने सुरू होणारे शब्द सांगणे असे भाग आहेत. शब्द सांगणे ही केवळ भाषेची परीक्षा नाही. शोध घेणे, सांगितलेले शब्द ध्यानात ठेवणे आणि पुनरुक्ती टाळणे, ही तिन्ही कामे त्या एका मिनिटात करावी लागतात. वर्गात शब्दांच्या भेंड्या घेणाऱ्या अध्यापकांना यातील मर्म सहज कळेल.

डाग दिसले म्हणजे सारे संपले काय?

मुळीच नाही. रॉटरडॅमच्याच एका पाहणीत ६० ते ९० वयोगटातील केवळ ५ टक्के व्यक्तींच्या श्वेत द्रव्यात एकही डाग नव्हता. म्हणजे त्या वयात थोडे डाग असणे ही जवळजवळ सार्वत्रिक गोष्ट आहे. महत्त्व त्यांच्या प्रमाणाला आहे. युरोपातील ११ केंद्रांत ‘लाडिस’ हा अभ्यास झाला. त्यात ६५ ते ८४ वर्षांच्या, स्वतःचे व्यवहार स्वतः करणाऱ्या ६३९ व्यक्ती होत्या. स्वावलंबन गमावण्याचे किंवा मृत्यूचे वार्षिक प्रमाण सौम्य बदल असलेल्यांत १०.५ टक्के, मध्यम बदलांत १५.१ टक्के आणि तीव्र बदलांत २९.५ टक्के होते. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून सौम्य डागांच्या अहवालाने घाबरून जाऊ नये, आणि तीव्र डागांच्या अहवालाकडे ‘वयाप्रमाणे चालायचेच’ म्हणून दुर्लक्षही करू नये.

शिक्षण, भाषा आणि मेंदूची शिल्लक

अध्यापकांच्या जिव्हाळ्याचा भाग पुढे येतो. सारखीच इजा असूनही काही व्यक्तींची बुद्धी अधिक काळ टिकते. संशोधक याचा संबंध ‘बौद्धिक शिल्लक’ या कल्पनेशी जोडतात. शिक्षण, बुद्धीला काम देणारा व्यवसाय, लोकांत मिसळणे यांमुळे मेंदूला एकच काम करण्याच्या अनेक वाटा उपलब्ध होतात, आणि एक वाट बंद झाली तरी दुसरी उपयोगी पडते.

या संदर्भात हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधील काम जगभर चर्चिले गेले. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच भाषा बोलणाऱ्यांच्या तुलनेत दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी ४.५ वर्षे उशिरा झाली होती. हा फरक वाहिन्यांच्या विकारातून होणाऱ्या स्मृतिभ्रंशातही दिसला आणि निरक्षर रुग्णांतही दिसला. मात्र दोनपेक्षा अधिक भाषा येत असल्याने जास्तीचा लाभ आढळला नाही. त्याच गटाने २०१६ मध्ये पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांविषयी लिहिले. पक्षाघातानंतर बुद्धी शाबूत राहिलेल्यांचे प्रमाण बहुभाषिकांत ४०.५ टक्के आणि एकभाषिकांत १९.६ टक्के होते.

हे निष्कर्ष निरीक्षणावर आधारलेले आहेत. इतर ठिकाणच्या सर्व अभ्यासांत असाच परिणाम दिसलेला नाही, आणि भाषा शिकल्याने वाहिन्या दुरुस्त होत नाहीत, हेही विसरता कामा नये. तरीही घरात उर्दू किंवा दख्खनी, बाजारात कन्नड किंवा तेलुगू आणि शाळेत मराठी असे आयुष्य जगणाऱ्या आपल्या वस्त्यांसाठी या अभ्यासाला अर्थ आहे. ज्याला आपण मुलांवरचे ‘भाषांचे ओझे’ म्हणतो, ते कदाचित उतारवयातील शिदोरी ठरेल.

हातात काय आहे?

गमावलेले श्वेत द्रव्य परत आणणारे सिद्ध औषध आज उपलब्ध नाही. काही औषधांच्या चाचण्या चालू आहेत. सर्वांत भक्कम आधार आहे तो रक्तदाबाच्या नियंत्रणाला. अमेरिकेतील ‘स्प्रिंट’ चाचणीत ९३६१ व्यक्तींचे दोन गट होते. एका गटात रक्तदाबाचा वरचा आकडा १२० च्या खाली आणि दुसऱ्यात १४० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट होते. २०१९ मध्ये बुद्धीविषयीचे निष्कर्ष आले. पहिल्या गटात बुद्धीच्या सौम्य घसरणीचा धोका सुमारे १९ टक्क्यांनी कमी आढळला. स्मृतिभ्रंशही कमी दिसला, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. एमआरआयमध्ये श्वेत द्रव्यातील डाग पहिल्या गटात सरासरी ०.९२ घन सेंटिमीटरने, तर दुसऱ्यात १.४५ घन सेंटिमीटरने वाढले. या चाचणीत मधुमेही आणि पूर्वी पक्षाघात झालेले रुग्ण नव्हते. त्यामुळे १२० हा आकडा सर्वांना सरसकट लागू करता येत नाही. आपले लक्ष्य किती असावे हे डॉक्टरांनीच ठरवावे.

आपल्या देशात या मुद्द्याचे महत्त्व किती आहे, हे दोन आकड्यांवरून कळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आणि ११.४ टक्के लोकांना मधुमेह आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासाने ६० वर्षांवरील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज दिला.

रक्तदाबाबरोबरच तंबाखू सोडणे, मधुमेह आटोक्यात ठेवणे, रोज चालणे, लोणचे, पापड, खारी मासळी यांतील मीठ कमी करणे हे मार्ग सर्वपरिचित आहेत. श्रवणशक्ती कमी झाल्यास यंत्र वापरणे आणि माणसांत मिसळत राहणे, यांनाही आता स्मृतिभ्रंश टाळण्याच्या उपायांत स्थान मिळाले आहे. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. एमआरआयमध्ये मूक डाग दिसले म्हणून आपल्याच मनाने ॲस्पिरिन सुरू करू नये. दुसरे कारण नसताना केवळ अशा डागांसाठी ते देऊ नये, असे युरोपीय तज्ज्ञांच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. सूक्ष्म रक्तस्रावाची प्रवृत्ती असलेल्यांना त्यापासून अपायही होऊ शकतो.

समारोप

या विकाराची तयारी साठीत होत नाही, ती चाळिशीत आणि पन्नाशीत होते. त्या काळात डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून रक्तदाब मोजला जात नाही किंवा गोळी मध्येच बंद केली जाते. आपल्यापैकी बहुतेक अध्यापक याच वयाचे आहेत. शिक्षक-पालक सभेच्या दिवशी किंवा वार्षिक आरोग्य तपासणीत रक्तदाब मोजण्याची सोय प्रत्येक महाविद्यालयाला करता येईल. त्यासाठी फार खर्च लागत नाही.

दुसरे काम भाषेचे आहे. घरातील वडीलधारे मंदावले तर ‘सठिया गए’ म्हणून हसण्याऐवजी त्यांचे पाऊल, गती आणि उत्साह यांत कधीपासून फरक पडला, एवढे विचारण्याची सवय आपण विद्यार्थ्यांना लावू शकतो. उत्तर देण्यास त्यांना थोडा अधिक वेळ द्यावा, एका वेळी एकच गोष्ट विचारावी आणि डॉक्टरांना दाखवावे. म्हण जुनी आहे, तिचा मान राखू; पण निदान तिच्यावर सोपवू नये.